अपडेटनंतर बिघडलं, पण नेमकं काय?

ऑगस्ट २०२५च्या उत्तरार्धात भारतातल्या असंख्य अँड्रॉइड फोनांवर कॉल घ्यायचा पडदा अचानक बदलला. बटणं मोठी झाली, कॉलच्या यादीची मांडणी बदलली. पण खरी पंचाईत झाली ती फोन वाजल्यावर. बोट वर सरकवून कॉल घ्यायची वर्षानुवर्षांची सवय, आणि आता आडवं सरकवायचं किंवा नुसतं बोट टेकवायचं. ‘आम्ही तर काही अपडेट केलंच नाही’ असं जो तो सांगत होता. त्यातूनच ‘फोन हॅक झालाय’ अशी आवई उठली.

हॅक वगैरे काही नव्हतं. गूगलने आपल्या ‘फोन’ नावाच्या अ‍ॅपची रचना बदलली होती, आणि बऱ्याच कंपन्यांच्या हँडसेटमध्ये कॉलसाठी हेच अ‍ॅप असतं.

गैरसमज : अपडेट आपण ‘हो’ म्हटल्यावरच होतं.

फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं अपडेट सहसा विचारून होतं. अ‍ॅपची अपडेट्स मात्र प्ले स्टोअरमधून आपोआप उतरतात, आणि काही बदल तर कंपनी आपल्या सर्व्हरवरून नुसती कळ फिरवून लागू करते. म्हणून सगळ्यात आधी काय बदललं हे ओळखावं. एकाच अ‍ॅपपुरता बदल असेल तर उपायही तेवढाच असतो. फोनबरोबर आलेल्या अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरावं, ‘अ‍ॅप इन्फो’मध्ये जावं, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ दिसतं. अ‍ॅप मूळ रूपात परत येतं. मग प्ले स्टोअरमध्ये त्याच अ‍ॅपचं ऑटो अपडेट बंद करावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ऑगस्टमध्ये अनेकांनी आपली जुनी सवय याच वाटेने परत मिळवली.

गैरसमज : जे अ‍ॅप बंद पडतं, तेच बिघडलेलं असतं.

मार्च २०२१मध्ये जगभरच्या अँड्रॉइड फोनांवर जीमेलसह कितीतरी अ‍ॅप्स उघडताक्षणी बंद पडू लागली. दोष त्या अ‍ॅप्सचा नव्हताच. अ‍ॅपच्या आत वेब पान दाखवणारा ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ नावाचा एक भाग असतो. तो बिघडला होता. बंद पडणारं अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्यात काही हशील नव्हतं. गूगलने सांगितलेला उपाय एवढाच होता, की वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट करा. म्हणजे अपडेटनेच घालवलं आणि अपडेटनेच दिलं. एकमेकांशी संबंध नसलेली चार अ‍ॅप्स एकदम आजारी पडली, तर त्यांच्यात सामायिक काय आहे ते शोधावं.

गैरसमज : फॅक्टरी रीसेट मारला की सगळं ठीक होतं.

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. रीसेटने पुसला जातो तो तुमचा माल : फोटो, मेसेज, सेटिंग्ज. ऑपरेटिंग सिस्टिम फोनमध्ये वेगळ्या कप्प्यात असते आणि तिची नवी आवृत्ती रीसेटनंतरही तशीच राहते. दोष त्या आवृत्तीतच असेल, तर नातवंडांचे फोटो जातील आणि दोष शाबूत राहील. अपडेटनंतर जुन्या सेटिंग्ज अडखळत असतील, तर रीसेटने खरंच गुण येतो, नाही असं नाही. पण तो शेवटचा उपाय, आणि तोही बॅकअप घेऊनच. बाजारातला दुकानदार ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणाला, तर तो कुठली आवृत्ती टाकणार आणि आतला डेटा राहणार की जाणार, हे फोन हातातून सोडण्याआधी विचारावं.

गैरसमज : आवडलं नाही तर जुन्यावर परत जाता येतं.

विंडोजमध्ये थोडीफार मुभा आहे. दरमहा येणारी बहुतेक अपडेट्स काढून टाकता येतात. मोठी नवी आवृत्ती घेतली असेल तर साधारण दहा दिवसांत मागे फिरता येतं. आयफोनवर मात्र अ‍ॅपल जुन्या आवृत्तीला मान्यता देणं थोड्याच दिवसांत थांबवते आणि दार बंद होतं. अनेक अँड्रॉइड फोनांतही मागे जाण्याला कुलूप असतं. त्यामागचं कारण रास्त आहे : जुनी, भोकं पडलेली आवृत्ती चोराला मुद्दाम टाकता येऊ नये.

कधी कधी तर कंपनीलाही मागे फिरता येत नाही. स्पीकर बनवणाऱ्या सोनोस या अमेरिकी कंपनीने मे २०२४मध्ये नवं अ‍ॅप आणलं, त्यात गजर आणि स्लीप टायमरसारख्या रोजच्या सोयीच नव्हत्या. ग्राहक खवळले. जुनं अ‍ॅप परत देण्याचा विचार कंपनीने केलाही, पण तोवर स्पीकरमधलं आणि सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर इतकं बदललं होतं, की जुनं अ‍ॅप आणलं असतं तर घोळ वाढलाच असता. जानेवारी २०२५मध्ये कंपनीच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं.

गैरसमज : मोठ्या कंपन्या नीट तपासूनच पाठवतात.

१९ जुलै २०२४. भारतीय वेळेनुसार सकाळी ९:३९ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक छोटी फाइल जगभरच्या विंडोज संगणकांवर उतरली. तिच्यामुळे प्रोग्रॅम एकविसाव्या रकान्यातली माहिती वाचायला गेला. त्याला पुरवलेले रकाने होते वीसच. १०:५७ला फाइल मागे घेतली गेली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने तोवर ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले होते. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. संगणक सुरूच होत नसल्यामुळे दुरुस्तीही इंटरनेटवरून पाठवता येईना. बहुतेक ठिकाणी माणूस यंत्रापाशी गेला, ते सेफ मोडमध्ये सुरू केलं आणि ती फाइल पुसली. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल, तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की हवी. ही की तुमच्या लॅपटॉपचीही असू शकते आणि बहुधा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पडून आहे. ती कागदावर उतरवून ठेवायला आजचा दिवस काय वाईट आहे?

गैरसमज : मग अपडेट बंदच करून टाकावं.

मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवायला लावले. ज्या भोकातून ते शिरलं, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. ते न टाकलेले संगणक सापडले. सुरक्षेचं अपडेट फार लांबवू नये. रूप किंवा सोयी बदलणारं मोठं अपडेट मात्र आठ-दहा दिवस थांबवलं तर काही बिघडत नाही. पहिल्या ठेचा दुसऱ्यांना लागू द्याव्यात. विंडोज ११मध्ये पाच आठवड्यांपर्यंत विराम देता येतो. परीक्षेच्या, जीएसटी भरायच्या किंवा प्रवासाच्या आदल्या रात्री मात्र कुठलंच अपडेट नको.

अपडेट टाळण्यामागे आणखी एक शंका असते. अपडेट पाठवून कंपन्या मुद्दाम फोन मंद करतात, ही तक्रार अगदीच हवेतली नाही. जुनी बॅटरी असलेले आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग कमी केला, हे अ‍ॅपलने डिसेंबर २०१७मध्ये मान्य केलं. ग्राहकांना ते आधी स्पष्ट सांगितलं नव्हतं, हा खरा गुन्हा. अपडेटमुळे फोन मंद झाल्यावरून इटलीच्या नियामकाने २०१८मध्ये अ‍ॅपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड केला. पण त्यावरून प्रत्येक मंद फोनमागे कट शोधायला नको. बॅटरी म्हातारी झाली असेल, तर ती बदलून पाहावी.

गैरसमज : तक्रार करून कोण ऐकतंय?

‘अपडेटनंतर फोन खराब झाला’ एवढंच लिहिलं तर खरंच कुणी ऐकणार नाही. मॉडेल, आधीची आणि आताची आवृत्ती, कुठल्या कृतीनंतर काय होतं, हे लिहावं, स्क्रीनशॉट जोडावा. कंपनी दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये विंडोज १०च्या मोठ्या अपडेटने काहींच्या ‘डॉक्युमेंट्स’मधल्या फाइली पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते थोड्याच दिवसांत थांबवावं लागलं. चाचणीत भाग घेतलेल्या काहींनी हे आधीच कळवलं होतं. पण तक्रारदार मोजके, म्हणून बाकीच्या तक्रारींच्या ढिगात त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यानंतर तक्रारीच्या फॉर्ममध्ये नुकसान किती गंभीर आहे हे सांगण्याची सोय आली.