मताधिकार, मालमत्ताधिष्ठित
धारण केलेली जमीन, मिळणारे उत्पन्न अथवा शासनास भरलेला कर यांच्या आधारे व्यक्तीस मतदानाचा हक्क देणारी वा नाकारणारी पद्धती. तिचे दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात विशिष्ट मर्यादेखालील व्यक्तींना मताधिकार मुळीच नसतो. दुसऱ्या प्रकारात मत सर्वांना असते; परंतु अधिक कर भरणाऱ्यास एकाहून अधिक मते असतात किंवा त्याच्या मताचे वजन अधिक धरले जाते. विसाव्या शतकात प्रौढ मताधिकार रूढ झाल्यावर राष्ट्रीय निवडणुकांतून ही पद्धती जवळजवळ नाहीशी झाली. तथापि समाजास द्रव्यरूपाने अधिक देणाऱ्याला राज्यकारभारात अधिक वाटा असावा काय, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न अद्यापही अधूनमधून उपस्थित केला जातो.

समर्थक विचार : या पद्धतीच्या बाजूने मुख्यतः तीन युक्तिवाद करण्यात येतात. पहिला हितसंबंधांचा. ज्याची जमीन वा व्यापार देशात आहे, तो देशाच्या बऱ्यावाईटाशी कायमचा बांधलेला असतो. म्हणून त्याचा निर्णय अधिक जबाबदारीचा असतो, असे मानले जाई. इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या काळात पटनी येथे सैन्याच्या प्रतिनिधींमध्ये १६४७ साली जी चर्चा झाली, तीत हेन्री आयर्टन याने हीच भूमिका मांडली. टॉमस रेन्सबरो याने तीस विरोध केला. शासनाचे कायदे निर्धनासही पाळावे लागतात, त्याअर्थी त्याचीही संमती आवश्यक आहे, असे त्याचे म्हणणे होते.

दुसरा युक्तिवाद करदायित्वाचा. जो कर भरत नाही, त्याला सार्वजनिक खर्च ठरविण्याचा अधिकार दिल्यास तो दुसऱ्याच्या पैशाची उधळपट्टी करील, असा त्याचा आशय आहे. जॉन स्ट्यूअर्ट मिल याने १८६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रातिनिधिक शासनविषयक ग्रंथात हा विचार मान्य केला आहे. मात्र त्यावरून गरिबांना वगळावे, असा निष्कर्ष त्याने काढला नाही. उलट प्रत्येक प्रौढावर अल्पसा प्रत्यक्ष कर बसवून सर्वांनाच मताधिकाराच्या कक्षेत आणावे, असे त्याने सुचविले. अधिक मते द्यावयाचीच झाल्यास ती संपत्तीमुळे नव्हे, तर शिक्षणामुळे द्यावीत, असेही त्याचे मत होते.

तिसरा युक्तिवाद स्वातंत्र्याचा. उपजीविकेसाठी दुसऱ्यावर विसंबून असणाऱ्यास स्वतःचे मत असूच शकत नाही, त्याचे मत म्हणजे धन्याचेच दुसरे मत होय, असे अठराव्या शतकातील विल्यम ब्लॅकस्टनसारखे विधिज्ञ मानीत. गुप्त मतदानाची पद्धती रूढ झाल्यावर (ब्रिटनमध्ये १८७२) या युक्तिवादाचा आधार बराचसा गळून पडला.

ऐतिहासिक आढावा : अथेन्समध्ये सोलोनने इ. स. पू. ५९४ च्या सुमारास नागरिकांचे शेतीच्या उत्पन्नानुसार चार वर्ग पाडले. शेवटच्या वर्गास लोकसभेत बसता येई, पण अधिकारपदे मिळत नसत. रोममधील शतकसभेत एकूण १९३ मतगट होते. परंपरागत रचनेनुसार त्यांपैकी अश्वारूढ वर्गाचे १८ व पहिल्या संपन्न वर्गाचे ८० असे ९८ गट मिळून बहुमत होत असे. मोजणी वरच्या वर्गापासून सुरू होई आणि बहुमत होताच थांबे. परिणामी सर्व निर्धन नागरिक ज्या एकाच गटात घातलेले होते, त्याची पाळी क्वचितच येई.

इंग्लंडमध्ये १४३० च्या कायद्याने परगण्यांतील मताधिकार वार्षिक ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन असणाऱ्यांपुरता मर्यादित केला. त्यानंतर १८३२, १८६७ व १८८४ च्या सुधारणा कायद्यांनी ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली. सार्वजनिक दानधर्मातून साहाय्य घेणाऱ्याचे मत मात्र त्या साहाय्यामुळेच जाई. ही अपात्रता १९१८ मध्ये दूर झाली. त्याच वर्षी सर्व प्रौढ पुरुषांना व काही अटींवर तीस वर्षांवरील स्त्रियांना मत मिळाले, तर १९२८ मध्ये स्त्रीपुरुषांचा मताधिकार समान झाला. व्यवसायाची जागा अन्यत्र असल्यास मिळणारे दुसरे मत १९४८ च्या कायद्याने रद्द केले. उत्तर आयर्लंडमधील स्थानिक निवडणुकांत मात्र घरमालक, भाडेकरू व कंपन्या यांच्यापुरता मर्यादित मताधिकार १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकून होता. ‘एक व्यक्ती, एक मत’ ही तेथील नागरी हक्क चळवळीची प्रमुख मागणी होती.

फ्रान्समध्ये १७९१ च्या संविधानाने तीन दिवसांच्या मजुरीइतका प्रत्यक्ष कर भरणारे ते ‘सक्रिय’ नागरिक व इतर ‘निष्क्रिय’ असा भेद केला. राजेशाहीच्या पुनःस्थापनेनंतर ३०० फ्रँक कर भरणाऱ्यासच मत उरले. १८३१ मध्ये ही मर्यादा २०० फ्रँक करण्यात आली. १८४८ च्या क्रांतीने सर्व प्रौढ पुरुषांना मत दिले, तेव्हा सुमारे अडीच लाख मतदारांच्या जागी ९० लाखांहून अधिक मतदार आले. जपानमध्ये १८८९ च्या कायद्याने १५ येन राष्ट्रीय कराची अट घातली होती. लोकसंख्येतील सुमारे एक टक्का लोकच तीत बसत. ती १९२५ मध्ये नाहीशी झाली.

द्रव्याच्या प्रमाणात मताचे वजन ठरविण्याचे सर्वांत काटेकोर उदाहरण प्रशियाचे होय (१८४९–१९१८). तेथे प्रत्येक ठिकाणच्या एकूण प्रत्यक्ष कराचे तीन समान भाग करीत. सर्वाधिक कर भरणारे जे थोडे लोक पहिला तृतीयांश भरत, त्यांचा पहिला वर्ग. त्यांच्या खालोखालच्यांचा दुसरा. आणि उरलेल्या सर्वांचा तिसरा. प्रत्येक वर्ग सारख्याच संख्येने निर्वाचक निवडी. १८४९ मध्ये पहिल्या वर्गात ४·७, दुसऱ्यात १२·६ व तिसऱ्यात ८२·७ टक्के मतदार होते. म्हणजे पहिल्या वर्गातील एका मताचे वजन तिसऱ्या वर्गातील सतरा मतांहून अधिक होते. काही ठिकाणी पहिल्या वर्गात एकच मतदार असे. शिवाय मतदान उघड असल्यामुळे मालकाच्या देखत मत सांगावे लागे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गोऱ्या पुरुषांसाठीची मालमत्तेची अट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ सर्वत्र गेली. तथापि दक्षिणेकडील राज्यांनी पुढे डोईपट्टी भरल्यावाचून मत नाही, असा नियम करून कृष्णवर्णीयांना व गरीब गोऱ्यांनाही दूर ठेवले. संघीय निवडणुकांतील ही अट चोविसाव्या घटनादुरुस्तीने १९६४ मध्ये रद्द केली. राज्यांतील निवडणुकांबाबत १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनिया राज्याची दीड डॉलरची डोईपट्टी अवैध ठरविली. रक्कम लहान की मोठी हा प्रश्न नसून, संपत्तीचा मतदानाच्या पात्रतेशी संबंध नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

भारत : ब्रिटिश अमदानीत निवडणुकांचे तत्त्व आले, ते मालमत्तेच्या अटीसहच आले. मुंबई नगरपालिकेत १८७२ पासून करदात्यांना काही प्रतिनिधी निवडता येऊ लागले. प्रौढ मताधिकारावर आधारलेली तेथील पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली. १९१९ च्या सुधारणा कायद्याखाली शेतसारा, प्राप्तिकर, घरभाडे वा नगरपालिकेचा कर यांवरून मतदार ठरत. मुंबई इलाख्याच्या बहुतेक जिल्ह्यांत ग्रामीण मतदारास किमान ३२ रु. सारा भरणारी जमीन लागे. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांत ही रक्कम १६ रु. होती. शेतमजूर तीतून वगळला गेला. मात्र तो कर भरत नव्हता, असे नाही. मिठावरील कर सावकाराइतकाच त्यालाही द्यावा लागे, आणि अन्नाच्या प्रत्येक घासाबरोबर तो दिला जाई. हा कर सरकारच्या उत्पन्नात धरला जाई, मताच्या हिशेबात मात्र धरला जात नसे. १९३० च्या सत्याग्रहासाठी महात्मा गांधींनी मीठच निवडले, यामागे हा कर सर्वांत गरिबालाही जाचतो हे कारण होते.

मालमत्तेच्या अटीने दलित वर्ग जवळजवळ पूर्णपणे वगळले जातात, याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे लक्ष वेधले. सायमन आयोगाशी सहकार्य करणाऱ्या मुंबई प्रांतिक समितीचे सदस्य या नात्याने १९२९ मध्ये दिलेल्या स्वतंत्र अहवालात त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. मताधिकार म्हणजे सामूहिक जीवनाच्या अटी ठरविण्याचा हक्क; त्यामुळे ज्यांच्यावर बलिष्ठांकडून प्रतिकूल अटी लादल्या जाण्याचा धोका अधिक, अशा दुर्बलांनाच त्याची गरज अधिक, असे त्यांचे प्रतिपादन होते. करदायित्वाच्या युक्तिवादाचा क्रम त्यांनी अशा रीतीने उलटा केला. नेहरू अहवालानेही (१९२८) प्रौढ मताधिकाराची शिफारस केली होती. १९३५ च्या कायद्याने मतदारांची संख्या सुमारे तीन कोटींवर गेली, तरी मालमत्ता व शिक्षण यांच्या अटी राहिल्याच. अनेक स्त्रियांना तर पतीच्या मालमत्तेमुळे मत मिळाले. संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने या अटी संपविल्या. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार नोंदले गेले. त्यांपैकी बहुसंख्य निरक्षर होते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदाराची किमान वयोमर्यादा १९८९ मध्ये २१ वरून १८ वर्षांवर आली.

मूल्यमापन : या पद्धतीपुढील मुख्य अडचण मोजमापाची आहे. प्रत्यक्ष कर मोजता येतो. वस्तूंच्या किमतीत मिसळलेला अप्रत्यक्ष कर कोणी किती दिला, हे व्यक्तिशः मोजता येत नाही. भारतात २०१७ पासून लागू असलेला वस्तू व सेवा कर प्राप्तिकर न भरणारी व्यक्तीही खरेदीच्या वेळी देतच असते. शेतातील व घरातील विनावेतन श्रम, विशेषतः स्त्रियांचे, कोणत्याच करनोंदीत येत नाहीत. म्हणजे योगदान मोजण्यापूर्वी योगदान कशास म्हणावयाचे, हे ठरवावे लागते. आणि ते ठरविण्याचे काम आधीपासून मताधिकार असलेल्यांकडेच असते.

दुसरी अडचण अशी की, कर कायदेमंडळ बसविते आणि कायदेमंडळ मतदार निवडतात. मत करावर अवलंबून ठेवल्यास करातील प्रत्येक बदल हा मतदारयादीतील बदल ठरतो. फ्रान्समध्ये १८२० नंतरच्या दशकात जमीनकर कमी केला, तेव्हा काही जमीनधारकांचा मताधिकार त्या सवलतीमुळेच गेला. करात सूट मिळालेली व्यक्ती मत गमावते आणि मत गमावल्यामुळे पुढील करास विरोध करू शकत नाही, असे हे चक्र आहे.

द्रव्याच्या प्रमाणात मत देण्याचे तत्त्व सर्वत्र त्याज्य मानलेले नाही. कंपन्यांत सामान्यतः भागांच्या संख्येनुसार मते असतात. कॅलिफोर्नियातील एका जलसंचय मंडळात जमिनीच्या मूल्यानुसार मते देण्याची व्यवस्था अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये वैध ठरविली. मंडळाचे कार्य मर्यादित आणि त्याचा भार मुख्यतः जमीनमालकांवर, हे त्याचे कारण होते. लंडनच्या मध्यवर्ती ‘सिटी’ भागातील स्थानिक निवडणुकांत व्यवसायसंस्थांनी नेमलेल्या मतदारांनाही मत असते. याउलट महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाने कितीही भाग घेतले, तरी त्याला सामान्यतः एकच मत असते. कंपनीतील भागधारकाला भाग विकून बाहेर पडता येते आणि त्याची जोखीम गुंतविलेल्या रकमेपुरती असते. राज्याचे तसे नाही. त्याचे फौजदारी कायदे, युद्धाचे निर्णय व धान्याच्या किमती यांची झळ कर न भरणाऱ्यासही लागते, व ती टाळून बाहेर पडणे निर्धनास तर सर्वांत कठीण असते.