चाकाचे नट : घाट चढण्यापूर्वीची तपासणी

मेळघाटातील शिबिराला निघालेल्या जुन्या जीपमध्ये औषधे, परिचारिका आणि परतताना अनेकदा एखादा रुग्णही असतो. परतवाड्याहून १११८ मीटर उंचीवरील चिखलदऱ्याच्या घाटात चाक निखळले, तर या सर्वांचा जीव धोक्यात येतो.

नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने रिम ड्रमवर दाबून बसते. हा दाब कमी झाला की रिम हलू लागते, छिद्रे झिजतात आणि शेवटी स्टड तुटतो.

म्हणून चाक बसवताना रिम व ड्रमवरील गंज, माती घासून काढावी. आट्यांना तेल लावू नये. त्यामुळे नट प्रमाणाबाहेर आवळला जातो. नटाची निमुळती बाजू रिमकडे ठेवून सर्व नट आधी हाताने फिरवावेत. मग समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे आवळावेत. गाडी जॅकवरून उतरवल्यावर पुस्तिकेतील मापाप्रमाणे टॉर्क पान्याने शेवटचे आवळावे. पान्यावर उभे राहू नये; स्टड ताणून निकामी होतो. जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, हेही लक्षात ठेवावे.

चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर, म्हणजे बहुधा पहिल्याच फेरीनंतर, नट पुन्हा तपासावेत. नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले किंवा चाकातून ठकठक ऐकू आली, तर गाडी तेथेच थांबवावी.

औषधांच्या यादीसोबत गाडीत एक वहीही ठेवावी. नट कोणी व कोणत्या तारखेला तपासले, ते तीत लिहावे.