टवका तिळाएवढा, पण वेळीच बुजवावा

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावर नेवासे तालुक्यातील घोडेगाव लागते. जनावरांच्या बाजारासाठी आणि कांद्याच्या लिलावांसाठी हे गाव प्रसिद्ध असले, तरी शहरातल्या मोटारमालकांना ते ठाऊक असते शनिशिंगणापूरच्या फाट्यामुळे. शनिवारी आणि शनी अमावास्येला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची येथे रीघ लागते. याच रस्त्यावर मालट्रक असतात, खडीचे डंपर असतात आणि गळिताच्या हंगामात साखर कारखान्यांकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्याही असतात. दर्शन घेऊन घरी परतावे आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुसताना बॉनेटच्या पुढच्या कडेवर तिळाएवढा पांढुरका ठिपका दिसावा, हा अनुभव अनेकांचा आहे. खड्याने रंगाचा टवका उडवलेला असतो.

यावर प्रतिक्रिया साधारणतः दोन प्रकारच्या असतात. ‘एवढ्याशा टवक्याने काय होते’ म्हणून काहीजण दुर्लक्ष करतात, तर काही हळवे मालक संपूर्ण बॉनेट नव्याने रंगवून घेतात. पहिल्या मार्गाने पत्रा गंजतो. दुसऱ्या मार्गाने कारखान्यात चढवलेला मूळ रंग विनाकारण गमवावा लागतो. शहाणपणाची वाट या दोहोंच्या मधली आहे.

टवका उडतो कसा?

पुढच्या वाहनाच्या चाकाने उडवलेला खडा आपल्यावर येऊन आदळतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो हवेत उसळलेला असतो आणि आपली गाडीच वेगाने त्याच्यावर जाऊन धडकते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी 60 किलोमीटरऐवजी 100 किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला तोच खडा जवळजवळ पावणेतीन पट जोराने लागतो. म्हणूनच बॉनेटची पुढची कड, बंपर, काचेच्या बाजूचे खांब आणि छताची पुढची कड येथे टवके अधिक दिसतात. दारांखालच्या पट्टीवरचे टवके मात्र बहुधा आपल्याच पुढच्या चाकांनी उडवलेल्या खडीचे असतात.

केसाएवढे कवच

गाडीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. पत्र्यावर प्रथम रासायनिक प्रक्रिया होते. मग विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवला जातो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक लॅकर. एवढे सगळे मिळून जाडी भरते साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे फार तर दोन केसांएवढी. हे थर कारखान्यातील भट्टीत 140 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला भाजलेले असतात. जोडणी पूर्ण झालेल्या गाडीतील रबर, प्लास्टिक आणि वायरिंग एवढी उष्णता सोसू शकत नाही. त्यामुळे गॅरेजमधील रंग 60 ते 80 अंशांच्या आसपासच पक्का करावा लागतो. चांगला कारागीर उत्तम काम करतो यात शंका नाही. पण मूळ थरांची संपूर्ण रचना तेथे पुन्हा उभी करता येत नाही. जुन्या गाडीचा व्यवहार करणारे जाडी मोजण्याचे यंत्र लावून ‘ओरिजिनल पेंट’ आहे का हे पाहतात, ते काही उगाच नव्हे.

आधी खोली ओळखा

ओरखड्यावरून नख हलकेच फिरवावे. नख अडकत नसेल, तर इजा फक्त लॅकरला आहे आणि ती पॉलिशने बरीचशी जाते. टवक्याच्या तळाशी पांढरा किंवा करडा रंग दिसला, तर प्रायमर अजून शाबूत असण्याची शक्यता आहे. चकचकीत धातू दिसला, तर पत्रा उघडा पडला आहे. आणि तपकिरी डाग दिसला, तर गंज सुरू झाला आहे. बंपर बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचा असतो. तेथे टवका उडाला तर शोभा जाते, गंज चढत नाही. म्हणून बंपरपेक्षा बॉनेटवरच्या टवक्याची काळजी आधी घ्यावी.

अनेक नव्या गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. त्याने गंज लांबतो, कायमचा टळत नाही. नेवाशासारख्या कोरड्या भागात उघडा पत्रा काही काळ टिकेलही. तीच गाडी मुंबईत किंवा कोकणात समुद्राच्या खाऱ्या हवेत उभी राहिली, की गंज रंगाच्या खालून पसरू लागतो. मग वरून पोपडे उचलल्यासारखे दिसतात आणि काम टवका बुजवण्याचे न राहता पत्रा कापण्याचे होऊन बसते.

टचअप कसे करावे?

प्रत्येक गाडीच्या रंगाला सांकेतिक क्रमांक असतो. तो बहुधा दाराजवळच्या खांबावर किंवा इंजिनाच्या कप्प्यातील पट्टीवर लिहिलेला आढळतो. त्यानुसार टचअपची छोटी बाटली मिळते किंवा रंगांच्या दुकानात रंग जुळवून घेता येतो.

प्रथम ती जागा शांपूने धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वॅक्सचा तेलकटपणा घालवावा. सुटलेल्या कडा लाकडी काडीने काढाव्यात. गंज असल्यास तो बारीक वॉटर पेपरच्या लहानशा टोकाने, आजूबाजूचा रंग न दुखवता, समूळ खरवडावा; गंजावर रंग लावणे म्हणजे दुखणे झाकणे होय. पत्रा उघडा असेल तर प्रायमरचा ठिपका द्यावा. तो वाळल्यावर टूथपिकच्या टोकाने रंगाचे दोन-तीन पातळ थर द्यावेत. प्रत्येक थर वाळू द्यावा, एकदम मोठा थेंब सोडू नये. शेवटी लॅकर लावावे. हे काम सावलीत, थंड पत्र्यावर करावे. मेटॅलिक रंगात ठिपका जवळून ओळखू येईल, हे गृहीत धरावे. टचअपचा उद्देश पत्रा झाकणे हा आहे, टवका अदृश्य करणे हा नव्हे.

टवके दाट असतील, पत्र्याला पोचा आला असेल किंवा गंज पसरला असेल, तरच त्या भागाचे रंगकाम करावे. विम्याचा दावा करण्यापूर्वीही हिशेब मांडावा. साध्या पॉलिसीत रंगाच्या साहित्यावर 50 टक्के घसारा कापला जातो. शिवाय दावा न केल्याबद्दल मिळणारी, 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत वाढत जाणारी नूतनीकरणाची सवलत हातची जाते. दोन-चार टवक्यांसाठी हा सौदा क्वचितच परवडतो.

जपणूक रोजची

महामार्गावर डंपर वा उसाच्या ट्रॉलीमागे चिकटून जाऊ नये. अंतर ठेवावे आणि सुरक्षित संधी मिळताच पुढे निघून जावे. खडी पसरलेल्या टप्प्यावर वेग कमी करावा. चारही चाकांना मडफ्लॅप असावेत.

सिरॅमिक कोटिंगने चकाकी येते आणि धूळ-पाणी चिकटत नाही. पण खड्याचा मार ते अडवत नाही, कारण त्याचा थर फारच पातळ असतो. खड्यापासून खरे संरक्षण मिळते ते पीपीएफ या पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्ममुळे. ती साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाड, म्हणजे मूळ रंगापेक्षाही जाड असते. ती महाग असल्याने निदान बॉनेटची पुढची कड आणि दारांखालची पट्टी झाकली, तरी बराच उपयोग होतो.

शहरात रंगाचा मोठा शत्रू मात्र खडा नसून फडके आहे. सोसायटीत रोज सकाळी धुळीने माखलेली गाडी कोरड्या फडक्याने झटकली जाते किंवा एकाच बादलीच्या गढूळ पाण्याने दहा गाड्या पुसल्या जातात. ती धूळ लॅकरवर वाळूसारखी घासते. आधी भरपूर पाणी ओतून धूळ उतरवावी, मगच मऊ मायक्रोफायबर कापड लावावे. पक्ष्यांची विष्ठा उन्हात वाळू न देता भिजवून काढावी. दोन-तीन महिन्यांतून एकदा वॅक्स करावे.

घोडेगावच्या फाट्यावर लागलेला खडा चुकवणे प्रत्येक वेळी आपल्या हाती नसते. घरी परतल्यावर गाडी धुऊन बॉनेटवरून एकदा नजर फिरवणे मात्र आपल्या हाती आहे. अर्ध्या तासाच्या कामाने जो टवका बुजतो, तोच पावसाळा उलटल्यावर पत्र्याला भोक पाडायच्या तयारीला लागलेला असतो.