बोर्डीच्या अंगणापासून ‘फॉरेस्ट स्कूल’पर्यंत

पुणे, नाशिक, ठाणे या शहरांच्या कडेला गेल्या काही वर्षांत तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी ‘नेचर स्कूल’, ‘फार्म स्कूल’ अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. माहितीपत्रकावर चिखलात बरबटलेली हसरी मुलं असतात, फीचा आकडा शेवटच्या पानावर. ही कल्पना युरोपातून आली, असं पालक धरून चालतात. ते काही अंशी खरंही आहे. पण तिचा एक जुना आणि फारसा न आठवला जाणारा धागा आपल्याच डहाणू तालुक्यात आहे. आज अशी शाळा निवडायला निघालेल्यांना त्या धाग्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

सुरुवात जर्मनीत झाली. फ्रेडरिक फ्रोबेलने 1837 साली बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. तिथे खरीखुरी बाग होती आणि मुलांना स्वतःचे छोटे वाफे सांभाळायला मिळत. पुढे 1914 मध्ये मार्गारेट आणि रेचेल मॅकमिलन या बहिणींनी लंडनच्या डेप्टफर्ड वस्तीत उघड्यावरची बालशाळा चालवली. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या घरांतली मुलं सतत आजारी पडत. त्यांना ऊन, हवा, आंघोळ आणि पोटभर जेवण मिळावं म्हणून ती उघड्यावरची शाळा होती. म्हणजे उघडी हवा ही तेव्हा हौस नव्हती, गरिबांच्या मुलांची गरज होती.

नेमकी हीच गरज ताराबाई मोडक यांना डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला घेऊन आली. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं होतं. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पण या कामात वापरली जाणारी माँटेसोरी पद्धतीची साधनं महाग होती आणि त्या पद्धतीच्या शाळा शहरी, खाऊनपिऊन सुखी घरांपुरत्याच राहत होत्या. हे शिक्षण खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला परवडेल का, या प्रश्नाचं उत्तर शोधायला 1945 मध्ये बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या.

मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीत नेली गेली. एखाद्याच्या अंगणात मुलं गोळा करायची, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि मग गाणी-गोष्टी. विकतच्या साधनांऐवजी खडे, बिया, पानं, फुलं, शंख-शिंपले. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं त्यातून कळतंच. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेलं आणि अडचण आणखी स्पष्ट झाली. मोठी भावंडं धाकट्यांना सांभाळत, नाहीतर गुरांमागे जात. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. जी मुलं तरीही येऊ शकत नव्हती, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली: गुरं चरतात तिथे शिक्षकाने जायचं.

निसर्गशिक्षणाचा झेंडा या बायकांनी मिरवला नाही. मूल जिथे आहे तिथे जायचं ठरल्यावर कुरण आपोआप वर्ग झालं. त्यामागे रोजची तयारी होती: आज कोणता खेळ, कोणतं गाणं, कोणत्या पोराला काय जमत नाही. उघड्यावर वर्ग घेणं भिंतीआड घेण्यापेक्षा कठीण असतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

साधारण त्याच काळात, 1950च्या दशकाच्या सुरुवातीला, डेन्मार्कमध्ये एला फ्लाटाऊ यांनी मुलांना रोज जंगलात नेण्याची प्रथा पाडली. स्वीडनमध्ये 1985 मध्ये बारमाही बाहेर राहणारी बालशाळा निघाली. जर्मनीत फ्लेन्सबुर्गच्या जंगल-बालवाडीला 1993 मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि पुढे अशा बालवाड्या देशभर पसरल्या. आसऱ्याला चाकांवरची एक लाकडी खोली, बाकी सगळा दिवस बाहेर. नियम थोडे, पण पक्के: मोठ्यांच्या नजरेपलीकडे जायचं नाही, ठरलेल्या जागी थांबायचं, झाडावरचं काही तोंडात घालायचं नाही. वादळी वारा असेल त्या दिवशी जंगल बंद.

आपल्याकडे मात्र उलटा प्रवास झाला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. पोषण आणि लसीकरणात तिने मोठं काम केलं, त्यात शंका नाही. पण आहार, वजनं आणि नोंदवह्या यांच्या ओझ्याखाली खेळ-शिक्षण मागे पडलं आणि बऱ्याच ठिकाणी अंगणवाडी एका खोलीत कोंडली गेली. मध्यमवर्गाने तोवर इमारतीच्या तळमजल्यावरच्या नर्सरीची वाट धरली होती. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा, त्यामुळे तिथे मैदान आहे की नाही हे विचारायला तो येत नव्हता. आजची नेचर स्कूल ही त्या कोंदटपणावरची प्रतिक्रिया आहे. गरिबाच्या मुलासाठी सुचलेली गोष्ट परवडणाऱ्यांकडे पोचली, ती अशी.

म्हणून शाळा पाहायला जाल तेव्हा झाडं मोजत बसू नका. ताईंना विचारा: जुलैत धो धो पाऊस लागतो तेव्हा मुलं कुठे असतात? एप्रिलच्या उन्हात दिवस किती वाजता सुरू होतो? रोज किती वेळ बाहेर, की फक्त शुक्रवारी? एका ताईकडे किती मुलं? साप-विंचू, मधमाश्या, साचलेलं पाणी यांची तपासणी कोण आणि कधी करतं? जवळचं रुग्णालय किती अंतरावर? ओले कपडे बदलायला जागा आणि स्वच्छ शौचालय आहे का? उत्तरं पटापट, तपशीलवार आली तर तिथे रोजचं काम चालतं. ‘आमच्याकडे सगळं नैसर्गिकच आहे’ एवढंच ऐकू आलं, तर परत फिरा.

मुलं बोलतात ती भाषा ताई बोलतात का, शेजारच्या गावातली मुलं या शाळेत येतात का, हेही पाहा. रानातली पानं-पाखरं ज्यांना नावानिशी माहीत आहेत, ती मुलं कुंपणाबाहेर आणि शहरातली मुलं आत, अशा शाळेत निसर्ग अर्धाच कळतो.

आणि अंतर. तीन वर्षांच्या मुलाला व्हॅनमध्ये दीड तास बसवून जंगल दाखवण्यापेक्षा घराजवळची साधी बालवाडी आणि रोज संध्याकाळी बागेत मनसोक्त माती बरी. कोसबाडने शाळा मुलापाशी नेली. आपण मुलाला शाळेच्या मागे किती पळवायचं, हे ठरवायला हवं. ज्यांच्याकडे ही निवड आहे, त्यांनी एक काम जमलं तर जरूर करावं: आपल्या प्रभागातल्या अंगणवाडीला शेजारचा मोकळा तुकडा मिळावा म्हणून महापालिकेकडे लेखी मागणी करावी. त्याचा फायदा आपल्या मुलाला होईलच असं नाही. पण बोर्डीत हे काम सुरू झालं, ते दुसऱ्यांच्याच मुलांसाठी.