बर्फ सुटला की टोग वर येतो

मामाने मेनहून पाठवलेला फोटो पाहिलात ना, बाळांनो? आता जरा निरखून पाहा. अंग हिरवट करडं, त्यावर फिकट ठिपके, शेपूट मधोमध खोल दुभंगलेली. आणि घशात काय दिसतंय? दुसऱ्याच माशाची चंदेरी शेपटी! म्हणजे स्वारीने एक घास नुकताच गिळला होता. तो पोटात पोचायच्या आत हावरटासारखं दुसऱ्यावर तोंड टाकलं आणि गळाला लागली. याचं नाव लेक ट्राउट. मेनचे लोक त्याला टोग म्हणतात.

खरी गंमत पुढेच आहे. भर उन्हाळ्यात हा मासा वीस-पंचवीस मीटर खोल दडलेला असतो, आणि मामाला तो मिळाला काठालगत, जेमतेम पुरुषभर पाण्यात. “वाट चुकला असेल,” म्हणतोस? छे रे! टोग कसला वाट चुकतोय. त्याला काठावर आणलं ते पाण्याच्या एका खोडीने. तीच गोष्ट आज सांगतो.

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात मेन नावाचं राज्य आहे. तिथलं सगळ्यात मोठं तळं मूसहेड. लांबी साठेक किलोमीटर, आणि किनिओ नावाचा उभा कडा पाण्यात उतरतो तिथे खोली सुमारे ७५ मीटर. हिवाळ्यात हे तळं असं गोठतं की माणसं बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतात. मग एप्रिल सरता सरता, नाहीतर मेच्या सुरुवातीला, बर्फ काळवंडतो. वरचं हिम वितळून गेलेलं असतं, ऊन थेट आत शिरतं आणि बर्फाचे स्फटिक जिथे एकमेकांना चिकटलेले असतात तिथेच तो कुजायला लागतो. जाड लादीच्या उभ्या लांब कांड्या सुट्या होतात. वारा सुटला की त्या एकमेकींवर आपटून किणकिणतात, आणि बघता बघता तळं मोकळं होतं. याला म्हणतात आइस-आउट. मूसहेडला तो कोणत्या तारखेला झाला याची नोंद लोक १८४८ पासून ठेवत आले आहेत.

“मग आजोबा, हिवाळ्यात मासे गोठत कसे नाहीत?” शाबास, नेमकं विचारलंस. बहुतेक पदार्थ गार होतील तसे आक्रसतात आणि जड होतात. पाणीही तसंच वागतं, पण ४ अंश सेल्सियसपर्यंतच. त्याखाली गेलं की त्याचं डोकं फिरतं, ते उलट फुगायला आणि हलकं व्हायला लागतं. १८०५ साली एडिंबराच्या थॉमस चार्ल्स होप यांनी हे सोप्या प्रयोगातून दाखवलं. पाण्याने भरलेलं उंच भांडं घेतलं, त्याच्या कमरेभोवती गारवा दिला आणि एक तापमापक वर, एक खाली लावला. आधी खालचा उतरला आणि चारच्या आसपास थांबला. मग वरचा उतरत उतरत थेट शून्याला गेला. चार अंशांचं पाणी सगळ्यात जड, म्हणून ते तळाशी. शून्याचं हलकं, म्हणून ते वर, आणि गोठणार तेही वरच. पाण्याने ही खोडी केली नसती तर तळी बुडापासून गोठत आली असती आणि टोगला राहायला जागाच उरली नसती.

आता बर्फ सुटल्यावर काय होतं? ऊन वरच्या पाण्याला तापवतं. शून्यावरून एक, दोन, तीन अंश. पण चारपर्यंत तापणं म्हणजे जड होणं, म्हणून ते पाणी खाली बुडतं. थोड्या दिवसांत वरपासून खालपर्यंत सगळं तळं चार अंशांवर येतं. कुठलं पाणी जड नाही, कुठलं हलकं नाही. अशा वेळी वारा सुटला की तो अख्खं तळं ढवळून काढतो. तळाचं पाणी वर येतं आणि वरचं, प्राणवायूने भरलेलं, थेट तळाला जातं. गार पाण्यात प्राणवायू मावतोही जास्त. चार अंशांना लिटरमागे सुमारे १३ मिलिग्रॅम, तर २५ अंशांना जेमतेम ८.

आपल्या भाटघर किंवा पवनेच्या धरणातल्या पाण्याला हे चार अंश ठाऊकच नाहीत. टोगचं मात्र सगळं जगणं त्यावर बेतलेलं. त्याला मानवतं दहा अंशांच्या आसपासचं पाणी. उन्हाळ्यातलं तळं म्हणजे वाडाच समजा. माडी तापलेली, तळघर गार, आणि मध्ये अशी तक्तपोशी की वरचं पाणी खाली जाणार नाही. टोग तळघरात अडकतो. वसंतात मात्र ती तक्तपोशीच नसते, त्याला सगळा वाडा मोकळा!

पण नुसती मोकळीक मिळाली म्हणून कोणी काठापर्यंत येत नाही. त्याला आणते भूक. स्मेल्ट नावाचा बोटभर ते वीतभर लांबीचा चंदेरी मासा असतो. बर्फ सुटण्याच्या सुमारास रात्रीच्या अंधारात स्मेल्टच्या झुंडी ओढ्यांत चढून अंडी घालतात. ओढ्याच्या तोंडाशी टोग टपून बसलेला असतो. फोटोतल्या घशातली शेपटी अशाच एकाची.

कोळीसुद्धा हे ओळखून असतात. ते होडी अगदी संथ चालवतात आणि मागे, पृष्ठभागापासून मीटर-दोन मीटर खाली, पिसांचं लांबट आमिष ओढत नेतात. पाण्यात ते हुबेहूब स्मेल्टसारखं लवलवतं. मेनच्याच कॅरी स्टीव्हन्स नावाच्या बाईंनी असलं एक आमिष बांधलं, ‘ग्रे घोस्ट’. गळ पकडायला चिमटासुद्धा न वापरता त्या नुसत्या बोटांनी पिसं बांधायच्या. शंभरेक वर्षं होत आली, अजून लोक ते वापरतात.

“आणि उन्हाळ्यात पकडायचा असेल तर?” मग शिसं भरलेली दोरी खोल सोडावी लागते. तीस मीटर खाली पाण्याचा दाब वरच्यापेक्षा चौपट असतो. तिथून मासा वर खेचला की त्याच्या पोटातल्या वाताशयातली हवा फुगते. पर्चसारख्या माशांना ती हवा झटकन बाहेर सोडता येत नाही, त्यांचे फार हाल होतात. टोगच्या वाताशयापासून अन्ननलिकेपर्यंत मात्र एक नळी असते. वर येता येता तो चक्क ढेकर देतो आणि पाण्यावर बुडबुड्यांची माळ उमटते. हसू नका, खरंच देतो!

मामाने तो परत सोडला म्हणून तोंड पाडलंस ना गं? अगं, टोग फार सावकाश वाढतो. अंडी घालायच्या वयाला यायलाच त्याला सहा-सात वर्षं लागतात, उत्तरेच्या थंड तळ्यांत त्याहून जास्त. तिकडे पन्नाशी ओलांडलेले टोगही सापडले आहेत. कॅनडाच्या ग्रेट बेअर तळ्यात १९९५ साली ७२ पौंडांचा, म्हणजे साडेबत्तीस किलोंहून जड टोग गळाला लागला होता. एवढा वाढायला किती हिवाळे लागले असतील, तूच सांग. अंडी घातली जातात शरद ऋतूत, खडकांच्या फटींत. घरटं नाही, राखण नाही. बर्फाखाली सगळा हिवाळा काढून पिल्लं बाहेर येतात तीही वसंताच्या तोंडावर.

हा वसंत टोगला किती महत्त्वाचा, ते कॅनडातल्या ऑन्टेरियोच्या एका छोट्या तळ्यात दिसलं. शास्त्रज्ञांनी टोगना चिमुकले ट्रान्समीटर बसवले आणि ११ वर्षं त्यांच्या मागावर राहिले. २०१७ साली निष्कर्ष छापून आला. ज्या वर्षी वसंत लांबला, त्या वर्षी टोग काठाकडे जास्त आले, मोठी शिकार खाऊन चांगले वाढले. ज्या वर्षी वसंत आखूड आणि उन्हाळा लांब, त्या वर्षी खोल पाण्यात बारीकसारीक खाऊन त्यांनी दिवस काढले आणि रोडावले. जुन्या वह्यांतल्या तारखा इथे कामाला येतात. त्यांवरून कळलं, की १८५० ते २००० या काळात न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मेन आणि शेजारच्या राज्यांच्या, उत्तर भागातल्या तळ्यांवरचा बर्फ नऊ दिवसांनी आणि दक्षिण भागातला सोळा दिवसांनी लवकर सुटू लागला. नुसता लवकर सुटला म्हणून टोगचं भागत नाही बरं का! पाणी पुढे किती दिवस गार राहतं, ते महत्त्वाचं.

म्हणून मामाच्या होडीत गळाइतकाच तापमापकही लागतो. वरचं पाणी पंधरा अंशांच्या पुढे गेलं की तो पिसांचं आमिष डब्यात ठेवतो आणि शिशाची दोरी बाहेर काढतो.