जस्त झिजले तर पंखा वाचतो

पावसाळ्याच्या तोंडावर बोट किनाऱ्यावर ओढली की आधी पंख्याकडे पाहावे. मच्छीमारी ट्रॉलरचा पंखा बहुतेक वेळा तांबे आणि जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. पात्यावरचे शेवाळ नि बार्नेकल खरवडून धातू घासला, की तो पिवळा चमकला पाहिजे. त्याऐवजी गुलाबी, तांबूस डाग दिसले तर सावध व्हावे. त्या जागचे जस्त पाण्यात निघून गेलेले असते आणि मागे नुसते सच्छिद्र तांबे उरलेले असते. लाकडी दांड्याने पात्यावर हलकेच ठोकले तर चांगले पाते खणखणीत वाजते, असले पाते बद्द वाजते. आकार तोच, जाडी तीच, पण आतली ताकद संपलेली. भर समुद्रात एखादा ओंडका आडवा आला, की ते तुटायला वेळ लागत नाही.

‘खाऱ्या पाण्याने खाल्ले’ असे म्हणून आपण विषय सोडून देतो. ते अर्धेच खरे आहे. खारे पाणी हे निमित्त; खरे कारण म्हणजे बोटीखाली शेजारी शेजारी बसवलेले वेगवेगळे धातू. पितळेचा किंवा ब्राँझचा पंखा, स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट, सुकाणूचे लोखंडी साहित्य, इंजिनाचे बीड. हे सगळे आतून एकमेकांना धातूनेच जोडलेले आणि बाहेरून एकाच खाऱ्या पाण्यात बुडालेले. एवढे जमले की विजेचा घट तयार होतो. प्रत्येक धातूची समुद्राच्या पाण्यात इलेक्ट्रॉन सोडण्याची तयारी वेगळी असते. जस्त सर्वांत सैल हाताचे, त्यानंतर ॲल्युमिनियम, मग लोखंड, मग पितळ आणि ब्राँझ, आणि शेवटी गंजरोधक थर शाबूत असलेले स्टेनलेस स्टील. जस्त आणि ब्राँझ यांच्यात साधारण पाऊण व्होल्टचा फरक पडतो. सैल हाताच्या धातूतून इलेक्ट्रॉन जोडणीतून दुसऱ्याकडे जातात, त्याचे अणू आयन होऊन पाण्यात विरघळतात, आणि दुसरा धातू तेवढ्यापुरता सुरक्षित राहतो. यालाच गॅल्व्हानिक क्षरण म्हणतात. बोट पाण्यात उभी आहे तोवर हे दिवसरात्र चालू असते. इंजिन बंद असले तरी.

या गोष्टीची मोठी किंमत ब्रिटिश नौदलाने अठराव्या शतकात मोजली. लाकडी जहाजांचे तळ समुद्रातले किडे पोखरत. त्यावर उपाय म्हणून १७६१ साली ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला गेला. नौका वेस्ट इंडिजला जाऊन आली, आणि १७६३ मध्ये तळ तपासला तेव्हा लाकूड सुखरूप होते. पण तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे कुजून लगदा झाले होते, काही ठिकाणी पत्रेही गळून पडले होते. मात्र काही खिळे जसेच्या तसे निघाले. ज्या तपकिरी कागदात पत्रे गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे त्या जागी खिळा आणि तांबे यांच्या मध्ये अडकून राहिले होते. कागदाने दोन धातूंचा स्पर्श तोडला, म्हणून खिळा वाचला. व्होल्टाने आपला विद्युतघट १८०० साली मांडला. त्याच्या कितीतरी आधी या कागदाने उत्तर देऊन ठेवले होते. आजही दोन धातूंच्या मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा रबराची गॅस्केट घालतो, ती याच तत्त्वावर.

पण पंखा आणि शाफ्ट यांच्यामध्ये कागद घालता येत नाही. तिथे दुसरा उपाय लागतो, आणि तो रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये सुचवला. तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे किंवा बिडाचे छोटे तुकडे जोडा. ते स्वतः झिजतील आणि तांब्याला वाचवतील. प्रयोग झाले त्यांत ‘सॅमारंग’ ही नौकाही होती, आपल्याकडे कोचीनला बांधलेली. तांबे खरोखरच झिजायचे थांबले. मात्र तांब्याचे विष पाण्यात उतरायचेही थांबले, आणि तळाला शेवाळ व बार्नेकल इतके चढले की जहाजे मंद झाली. काही वर्षांतच नौदलाने हे तुकडे काढून टाकले. डेव्हीला त्याचे फार वाईट वाटले म्हणतात. त्याचे विज्ञान चुकले नव्हते. तांब्याच्या तळाला मुळात झिजायलाच हवे होते, एवढेच. पोलादी जहाजे आली आणि त्याची ही कल्पना पुन्हा उचलली गेली. आज जगात जवळजवळ प्रत्येक पोलादी बोटीच्या तळाला जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वड्या असतात.

आपल्या बंदरांवर या वड्यांनाच नुसते झिंक म्हणतात. ते साधे दिसते, पण बसवण्यात चुका होतात त्या नेमक्या तीनच ठिकाणी. झिंक रंगवले जाते. बोट रंगवताना ब्रश ओघात झिंकवरूनही फिरतो, आणि रंगाखालचे झिंक निकामी होते. दुसरे म्हणजे ते रंगावरच बोल्टने आवळले जाते, त्यामुळे धातूला धातू भिडतच नाही. बसवण्याआधी तेवढी जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायला हवी. आणि तिसरे, बाजारात मिळेल ते जस्त घेतले जाते. झिंकमधील लोखंडाचे प्रमाण अत्यल्प हवे, सुमारे ०.००५ टक्क्यापेक्षाही कमी. ते जास्त झाले की पृष्ठभागावर कठीण कवच चढते आणि झिंक झिजतच नाही. वर्षभर पाण्यात राहिलेले झिंक नवेकोरे निघाले म्हणून जो खूश होतो, त्याचा पंखा मात्र झिजलेला असतो. झिंक निम्मे झिजले की बदलायचे. हिशेब सोपा आहे: एक अँपिअरचा प्रवाह वर्षभर अखंड चालला तर सुमारे ११ किलो जस्त विरघळते.

क्षेत्रफळाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो अंदाजाच्या उलट जातो. ब्राँझच्या मोठ्या पत्र्यात लोखंडी रिव्हेट ठोकला तर तो लवकर जातो. सगळ्या ब्राँझचा भार त्या एका रिव्हेटवर पडतो. तेच लोखंडाच्या मोठ्या पत्र्यात ब्राँझचा रिव्हेट असेल तर झीज सगळ्या पत्र्यावर पसरते आणि वर्षानुवर्षे कळतही नाही. म्हणून रंग द्यायचा तर फक्त गंजणाऱ्या धातूला कधीच देऊ नये. पोलाद रंगवले, पंखा उघडा ठेवला, आणि रंगाला एक खरचटा गेला, तर सगळी झीज त्या खरचट्यात उतरते आणि तिथे भोक पडते. दोन्हींना रंग द्यावा. एकालाच द्यायचा असेल तर सुरक्षित राहणाऱ्या धातूला द्यावा.

लाकडी बोटीवर जास्त झिंक लावणे हे कमी लावण्याइतकेच वाईट. वाचणाऱ्या धातूच्या पृष्ठभागावर पाण्यातल्या प्राणवायूपासून क्षार तयार होतो, आणि तो आसपासचे लाकूड मऊ करतो. बोल्टभोवती पांढरट, ओलसर चुरा साठलेला दिसला आणि फळी चाकूने सहज खरडली गेली, तर सहसा झिंक जास्त झालेले असते. सागाच्या फळीचे आयुष्य असे संपावे, याची खंत वाटते.

गोव्यात मांडवीत वर्षभर उभ्या राहणाऱ्या बोटींचा प्रश्न निराळा. पावसाळ्यात नदी जवळजवळ गोडी होते. गोड्या पाण्यात झिंकवर कवच चढून ते झोपी जाते, आणि पाऊस ओसरून खारे पाणी परतले तरी जागे होईलच असे नाही. अशा बोटींना ॲल्युमिनियमच्या वड्या योग्य. ॲल्युमिनियम गोड्या-खाऱ्या पाण्यात चालते आणि किलोमागे जस्ताच्या तिप्पट वीज देते. मॅग्नेशियम मात्र पूर्ण गोड्या पाण्यासाठी ठेवावे. खाऱ्यात ते पाहता पाहता संपते.

हे सगळे नीट केले तरी एक शत्रू राहतो: वायरिंग. बिल्ज पंपाची वायर बोटीच्या तळाच्या पाण्यात लोंबली आणि तिचे आवरण फाटले, तर बॅटरीचे बारा व्होल्ट गॅल्व्हानिक फरकाच्या कितीतरी पट असतात. वर्षांचे काम मग दिवसांत होते, आणि झिंकला ते आवरत नाही. झिंक अचानक भराभर संपू लागले तर नवे आणण्याआधी ही गळती शोधावी. बॅटरीचे मेन स्विच बंद करून, त्याच्या दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावून, गळतीचा प्रवाह कुठून येतो ते एकेक सर्किट चालू करत पाहता येते. ज्यांच्याकडे सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराईडचा संदर्भ इलेक्ट्रोड आहे त्यांनी तो पाण्यात सोडून तळाच्या पोलादाचे विभव मोजावे. उणे ०.८० व्होल्ट किंवा त्याहून खाली आकडा आला की पोलाद सुरक्षित आहे, वर आला की झिंक कमी पडते आहे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीच्या काळात बोटी शाकारून ठेवल्या जातात. तळाखाली वाकून पंखा ठोकून पाहायला, झिंक काढून पाठीमागचा धातू घासायला आणि फाटलेली वायर बदलायला याहून निवांत वेळ वर्षात मिळत नाही.