अदबीचा प्रश्न आणि शब्दांचा क्रम

इंग्रजी प्रश्नात क्रियापद कर्त्याच्या आधी येते, हा नियम शाळेत इतका पक्का बसवला जातो की पुढे तोच आड येतो. ‘व्हेअर इज द स्टेशन?’ हे वाक्य निर्दोष आहे. परंतु हाच प्रश्न अदबीने विचारायची वेळ आली की चांगली शिकलेली माणसेही ‘कुड यू टेल मी व्हेअर इज द स्टेशन?’ असे म्हणून जातात. प्रमाण इंग्रजीला येथे ‘व्हेअर द स्टेशन इज’ हा क्रम अपेक्षित असतो.

कारण सरळ आहे. क्रमाची उलटापालट एकदाच करावयाची असते आणि ती ‘कुड यू’ या आरंभीच होऊन गेलेली असते. आतले वाक्य मग विधानाच्या क्रमाने चालते. ‘व्हॉट डिड ही से?’ यातील ‘डिड’ याच न्यायाने गळतो व ‘डू यू नो व्हॉट ही सेड?’ अशी रचना होते.

हा द्राविडी प्राणायाम निष्कारण नाही. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ ही सर्वनामे आदराचा बराच भार वाहतात. इंग्रजीतील एकेरी ‘दाऊ’ प्रमाण भाषेच्या नित्य व्यवहारातून केव्हाच मागे पडला. साहेब आणि शिपाई दोघेही ‘यू’ झाले. सर्वनामातून आदर दाखवण्याची सोय अशी उरली नाही; ते काम वाक्यरचनेकडून करून घ्यावे लागते. ‘कुड’ येथे भूतकाळ दाखवत नाही. तो ऐकणाऱ्याला नकाराची वाट मोकळी ठेवतो.

या चुकीचे खापर मातृभाषेवर फोडणेही योग्य नव्हे. ‘स्टेशन कुठे आहे ते सांगाल का?’ या मराठी वाक्यात आतला क्रम मुळीच बदलत नाही. ‘व्हेअर द स्टेशन इज’ यातही क्रियापद मराठीप्रमाणे शेवटीच येते. दोष आहे तो अर्धवट शिकवलेल्या नियमाचा. शिवाय आयर्लंडमधील बोलीत, जेथे इंग्रजी ही बहुसंख्यांची घरची भाषा आहे, अप्रत्यक्ष प्रश्नातही उलटा क्रम सर्रास आढळतो.

म्हणून परीक्षेत या चुकीचा गुण कापला जावा, हे रास्तच. परंतु नोकरीच्या मुलाखतीत एवढ्यावरून उमेदवाराला अडाणी वा उद्धट ठरवणे अन्यायाचे आहे. ‘कुड यू’ म्हणताक्षणीच त्याने आपली अदब व्यक्त केलेली असते. उरतो तो केवळ शब्दांचा क्रम, आणि तो वर्गातल्या एका तासात शिकवता येतो.